साध्या भिंतींचं मोल: जुन्या प्रेस्बिटेरियन चर्चचा वारसा कसा जोखायचा

जुन्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये पाऊल टाकलं की आधी जाणवतं ते तिथे काय नाही ते. मूर्ती नाहीत, संतांची चित्रं नाहीत, मुलामा दिलेली वेदी नाही, बिशपचं आसन नाही. चुन्याच्या भिंती, साध्या काचांच्या खिडक्या, लाकडी बाकांच्या रांगा आणि सगळ्यांच्या नजरेच्या टप्प्यात, उंचावर, एक व्यासपीठ. वारसा इमारतींची यादी करायला आलेला माणूस कॅथीड्रलं पाहून आलेला असेल, तर ‘वास्तू साधी, विशेष उल्लेखनीय काही नाही’ असा शेरा लिहून तो पुढे जाण्याची शक्यता बरीच असते. अशा शेऱ्यांपायी चांगली चर्चं हातची गेली आहेत.

या चर्चचा साधेपणा पैशाअभावी आलेला नाही, निदान नेहमी तरी नाही. तो विचारपूर्वक आणलेला आहे. कोणाला कुठे बसवायचं, आवाज कुठून यायचा, भाकर कुठे मोडायची, चुकलेल्याला कुठे उभं करायचं, हे सगळं त्या लाकडाच्या आणि दगडाच्या मांडणीत ठरवून टाकलेलं असतं. म्हणून प्रेस्बिटेरियन चर्चचं वारसामूल्य शोधायचं तर नक्षीकडे नव्हे, मांडणीकडे पाहायला हवं. दुर्दैव असं की चर्च बंद पडलं किंवा त्याचं ‘नूतनीकरण’ निघालं की सगळ्यात आधी मोडली जाते ती मांडणीच.

आधी पंथाची ओळख थोडक्यात करून घेऊ. सोळाव्या शतकात युरोपात धर्मसुधारणेची लाट आली. जिनिव्हात जॉन कॅल्व्हिनने मांडलेला विचार जॉन नॉक्सने स्कॉटलंडमध्ये रुजवला आणि १५६० मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने पोपची सत्ता नाकारली. या पंथात बिशप नसतो. मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, निवडलेले ‘वडील’ (ज्येष्ठ सभासद) आणि पाळक (धर्मगुरू) मिळून कारभार पाहतात, अनेक मंडळ्यांची मिळून वरची सभा असते आणि सगळ्यांच्या वर महासभा. उपासनेच्या केंद्रस्थानी पवित्र शास्त्राचं वाचन आणि त्यावरचा उपदेश. प्रभुभोजन म्हणजे वेदीवरचा यज्ञ नव्हे, तर मेजाभोवती बसून एकत्र घेतलेलं जेवण, ही धारणा.

आता हा विचार इमारतीत उतरवून पाहा. वेदीच नको, तर तिच्यासाठी पूर्वेकडे खोल गाभारा राखायचं कारण उरत नाही. मिरवणूक नाही, तर मधोमध लांबलचक वाट नको. उपदेश सगळ्यांना ऐकू जायला हवा, तर लोक वक्त्यापासून फार लांब बसता कामा नयेत. स्कॉटलंडमध्ये यावर जे उत्तर निघालं ते अगदी सरळ होतं. लांबट आयताकृती इमारत घ्यायची, व्यासपीठ तिच्या टोकाला न ठेवता लांब भिंतीच्या मध्यावर लावायचं, समोरच्या बाजूला एक जोडभाग काढायचा आणि तिन्ही अंगांना माड्या उभारायच्या. वरून पाहिलं तर इंग्रजी टी अक्षराचा आकार दिसतो. सतराव्या-अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या खेड्यापाड्यांतून अशी चर्चं उभी राहिली. शेवटच्या बाकावरच्या माणसालाही पाळकाचा चेहरा दिसतो. व्यासपीठावर जे लाकडी छत्र असतं, ते शोभेसाठी नसून आवाज वर छताकडे न जाता खाली लोकांकडे वळावा म्हणून असतं.

एक चर्च जरा जवळून पाहू. एडिनबराच्या उत्तरेला, खाडीपलीकडे बर्न्टिसलंड नावाचं बंदर आहे. तिथलं पॅरिश चर्च, म्हणजे त्या परिसराचं स्थानिक चर्च, सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात उभं राहिलं. धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमध्ये नव्याने बांधलेल्या आणि अजूनही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या चर्चांपैकी ते एक. आकार चक्क चौकोनी. मध्ये चार जाड खांब, त्यांच्यावर मनोरा, आणि लोक चहूबाजूंनी आतल्या बाजूला तोंड करून बसलेले. जुन्या पद्धतीच्या चर्चमध्ये सगळे एका दिशेला पाहत, इथे माणसं एकमेकांनाही पाहतात. एका नव्या पंथाने ‘मंडळी म्हणजे काय’ या प्रश्नाचं उत्तर कोऱ्या जागेवर लिहून पाहिलं, ते हे.

याच चर्चमध्ये माड्यांवर कामगार-व्यापाऱ्यांच्या संघांच्या जागा आहेत. खलाशांच्या माडीच्या कठड्यावर रंगवलेली जहाजं आहेत. त्या माडीवर जायला बाहेरून दगडी जिना आहे. उपदेश संपेपर्यंत भरतीची वेळ टळू नये, कोणालाही व्यत्यय न आणता खलाशांना निघून जाता यावं म्हणून तो केला, असं तिथे सांगतात. एक जिना, पण त्यातून गाव कशावर जगत होतं, देवाच्या वेळेशी समुद्राची वेळ कशी जुळवून घेतली जात होती, हे कळतं. कागदावर ‘बाह्य जिना, दगडी’ एवढीच नोंद झाली तर त्याचा अर्थच गळून पडतो. १६०१ मध्ये राजा सहाव्या जेम्सच्या उपस्थितीत महासभा याच गावात भरली होती आणि बायबलचा नवा इंग्रजी अनुवाद व्हावा हा विषय तिथे निघाला होता. पुढे १६११ मध्ये आलेल्या अनुवादामागे जी पावलं होती, त्यांतलं हे एक. ही घटना चर्चच्या ऐतिहासिक मूल्यात भर घालते. पण ती घडली नसती तरी तो जिना आणि तो चौकोन तितकेच महत्त्वाचे ठरले असते, असं मला वाटतं.

समानतेची शिकवण देणाऱ्या या मांडणीत उतरंडही होती, आणि इमारत तीही लपवत नाही. जमीनदाराची स्वतंत्र माडी असे, कोरीव खांबांची, कधी मागे बसायच्या खोलीसकट. उत्तर स्कॉटलंडमधल्या क्रोमार्टी गावच्या ईस्ट चर्चमध्ये जमीनदाराची माडी आहे आणि गरिबांचीही आहे. तिथे नुसतं उभं राहून मान फिरवली तरी अठराव्या शतकातल्या गावाचा सामाजिक नकाशा डोळ्यांसमोर येतो. पुष्कळ चर्चांमध्ये बाकांचं भाडं आकारलं जाई. म्हणून बाकांना नंबर असत, टोकाला नाव लिहिलेलं कार्ड अडकवायची छोटी चौकट असे, ओली छत्री उभी करायला कडी आणि खाली पाणी झेलायला पत्र्याची थाळी असे. काही बाकांची पाठ उलटवता येई किंवा फळी उघडून लांब मेज करता येई, कारण प्रभुभोजनाच्या दिवशी लोक खरोखरच मेजाला बसत. त्या मेजावर जागा मिळवायची तर वडिलांकडून आधी शिशाचं छोटं नाणं मिळवावं लागे. त्यावर पॅरिशची आद्याक्षरं आणि बहुधा साल ठोकलेलं असे. ज्याचं वागणं वडिलांना पटलेलं नाही त्याला नाणं नाही, म्हणजे मेजावर जागाही नाही.

व्यासपीठाखाली आणखी एक छोटा चौथरा दिसतो. तो स्तोत्र सांगणाऱ्याचा. वाद्यांना मनाई होती. तो एक ओळ म्हणे आणि मंडळी ती मागोमाग गाई. काही चर्चांच्या बाहेर भिंतीला किंवा फाटकाला लोखंडी कडं साखळीने लटकलेलं असतं. एडिनबराजवळच्या डडिंगस्टनला ते आजही आहे. शिक्षा झालेल्या माणसाच्या गळ्यात ते अडकवून त्याला लोकांसमोर उभं करत. हे पाहून मन खट्टू होतं. पण वारसा म्हणजे फक्त अभिमानाच्या गोष्टी नव्हेत. ते कडं काढून ठेवलं की त्या चर्चच्या इतिहासाचं एक पान फाटतं.

आता ‘वारसामूल्य’ म्हणजे नेमकं काय मोजतात ते पाहू. जगभर बरीच वापरली जाणारी एक चौकट ऑस्ट्रेलियातून आली. १९७९ मध्ये तिथल्या बरा या जुन्या खाणगावात संवर्धन क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी एक सनद स्वीकारली, ती बरा सनद. एखाद्या जागेचं महत्त्व पाच अंगांनी पाहा, असं ती सांगते: सौंदर्य, इतिहास, विज्ञान, समाज आणि अध्यात्म. चर्चला हे लावलं की गोष्टी सोप्या होतात.

सौंदर्य म्हणजे रूप, प्रमाण, प्रकाश, कारागिरी. इतिहास म्हणजे इथे काय घडलं आणि ही इमारत कोणत्या काळाची साक्ष देते. एडिनबराच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये १६३८ मध्ये राष्ट्रीय करारावर सह्या झाल्या. राजाने चर्चच्या उपासनेत ढवळाढवळ करू नये यासाठीचा तो करार. असं स्थळ इतिहासामुळेच मोठं ठरतं. वैज्ञानिक मूल्याचा अर्थ प्रयोगशाळा असा नाही. या इमारतीकडून अजून काय शिकता येईल, हा तो प्रश्न. छताच्या तुळईच्या वर्तुळांवरून झाड कधी तोडलं ते कळतं. रंगाचे थर खरवडले तर खाली आधीचा काळ सापडतो. फरशीखाली आणखी जुन्या चर्चचा पाया असू शकतो.

उरली सामाजिक आणि आध्यात्मिक अंगं. सर्वांत कमी लिहिलं जातं ते यांच्यावर, आणि माझ्या मते सर्वांत जास्त काळजी घ्यायला हवी तीही यांचीच. ज्या इमारतीत चार पिढ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि अंत्यविधी झाले, तिचं मोल वास्तुविशारदाच्या नावावर अवलंबून नसतं. युद्धात गेलेल्या गावच्या पोरांची नावं ज्या पाटीवर आहेत, ती पाटी संग्रहालयात हलवली तर सुरक्षित राहील, पण ती वाचणारं कोणी तिथे रोज येणार नाही. हे मूल्य शोधायला मोजपट्टी उपयोगी पडत नाही. मंडळीतल्या लोकांशी, आणि मंडळी सोडून गेलेल्यांशीही, बसून बोलावं लागतं.

प्रत्येक देशाची पद्धत मात्र वेगळी. स्कॉटलंडमध्ये इमारतींना ए, बी, सी असे वर्ग मिळतात. अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने राष्ट्रीय नोंदवही आली. तिथे धर्मस्थळांना सहसा प्रवेश नाही. इमारतीचं मुख्य महत्त्व वास्तुकलेत, कलेत किंवा इतिहासात असेल तरच ती नोंदवली जाते, निव्वळ धार्मिक महत्त्व पुरत नाही. सरकारने एका धर्माला झुकतं माप देऊ नये, हा हेतू योग्यच आहे. पण त्याचा एक परिणाम असा की अर्ज लिहिणारा माणूस मंडळीच्या श्रद्धेबद्दल गप्प राहून कमानी आणि खांबांबद्दल लिहीत सुटतो. आणि साध्या चर्चमध्ये लिहिण्यासारख्या कमानी नसतात.

प्रेस्बिटेरियन चर्चची किंमत करताना १८४३ हे साल डोक्यात ठेवावंच लागतं. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये एक जुना वाद होता: पॅरिशचा पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने? सुमारे बाराशे पाळकांपैकी साडेचारशेहून अधिक जण त्या वर्षी थॉमस चाल्मर्सच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले. पगार, राहतं घर आणि चर्च, तिन्हींवर पाणी सोडून. त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केलं आणि थोड्याच वर्षांत लोकवर्गणीतून शेकडो नवी चर्चं बांधली. बरीचशी घाईघाईत, कमी पैशांत, अगदी खोक्यासारखी.

काही जमीनदारांनी त्यांना चर्चसाठी जमीन द्यायला नकार दिला. पश्चिम किनाऱ्यावरच्या स्ट्राँशियनच्या लोकांनी यावर काढलेला मार्ग थक्क करणारा आहे. त्यांनी क्लाइड नदीवरच्या गोदीत लोखंडी तरंगतं चर्च बांधून घेतलं आणि १८४६ मध्ये ते ओढत आणून सुनार्ट खाडीत नांगरलं. जमीन जमीनदाराची, पाणी त्याचं नव्हे. दर शंभर माणसं आत आली की ते साधारण इंचभर खाली जाई, त्यामुळे कोणत्या पाळकाला किती गर्दी होते ते काठावरून कळे, अशी आठवण सांगितली जाते. ते चर्च आज नाही. पण त्याच काळातली जी साधी दगडी खोकी शिल्लक आहेत, त्यांच्यामागे हीच जिद्द आहे. एखाद्या गावात एकाच रस्त्यावर दोन प्रेस्बिटेरियन चर्चं समोरासमोर दिसली तर त्यांची किंमत वेगवेगळी करू नये. त्यांच्यातलं अंतर हाच ऐतिहासिक पुरावा आहे. एक पाडलं की दुसऱ्याचीही अर्धी गोष्ट जाते.

पुढे या फुटलेल्या शाखा टप्प्याटप्प्याने जुळल्या. मोठी एकीकरणं १९०० आणि १९२९ मध्ये झाली. कॅनडात १९२५ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात १९७७ मध्ये बहुतेक प्रेस्बिटेरियन इतर पंथांशी एक झाले, काही बाहेर राहिले. एकीमुळे माणसं जवळ आली, पण इमारती जास्त झाल्या. आजचा रिकाम्या चर्चांचा प्रश्न समजायचा तर हा हिशेब विसरून चालत नाही: १८४३ नंतर जे दुप्पट झालं, त्याचं ओझं नंतरच्या पिढ्यांवर आलं.

हातात पैसा खुळखुळू लागल्यावर मात्र याच पंथाने साधेपणाला मुरड घातली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ग्लासगोत अलेक्झांडर थॉमसनने ग्रीक आणि इजिप्शियन रूपं मिसळून बांधलेली चर्चं पाहिली तर ‘प्रेस्बिटेरियन म्हणजे साधं’ हे समीकरणच डळमळतं. त्याची तीन मोठी चर्चं होती. क्वीन्स पार्कचं १९४३ च्या बाँबहल्ल्यात गेलं. कॅलेडोनिया रोडचं रिकामं पडलं आणि १९६५ मध्ये जळालं, आता नुसत्या भिंती आणि मनोरा उभा आहे. सेंट व्हिन्सेंट स्ट्रीटचं, १८५९ चं, तेवढं शाबूत आहे. तिघांतलं एकच उरलं असल्यामुळे त्याचं मोल वाढतं. दुर्मिळता हा किंमत ठरवण्यातला मोठा घटक असतो. अमेरिकेत तर विल्यम स्ट्रिकलंडने नॅशव्हिलमध्ये १८५१ मध्ये पुरं झालेलं प्रेस्बिटेरियन चर्च इजिप्तच्या मंदिराच्या धर्तीवर उभारलं, आणि १९५८ मध्ये स्टॅमफर्डला वॉलेस हॅरिसनने बांधलेल्या चर्चच्या तिरक्या काँक्रीटच्या भिंतींत वीस हजारांहून जास्त जाड रंगीत काचा बसवल्या. बाहेरून माशासारखं दिसणारं हे चर्च २०२१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलं. म्हणजे वारसा व्हायला इमारत शेकडो वर्षं जुनीच हवी असं नाही.

हा पंथ जहाजांतून जगभर गेला आणि प्रत्येक ठिकाणच्या मातीशी त्याला जुळवून घ्यावं लागलं. न्यूझीलंडमधलं ड्युनेडिन शहर १८४८ मध्ये फ्री चर्चच्या स्थलांतरितांनी वसवलं. तिथल्या फर्स्ट चर्चचा आराखडा रॉबर्ट लॉसनने केला, १८७३ मध्ये ते खुलं झालं. त्यासाठी आधी अख्खी टेकडी सुमारे बारा मीटर खाली उतरवली गेली. वसाहतीचे पहिले पाळक थॉमस बर्न्स यांनी पायाचा दगड बसवला, पण चर्च पुरं व्हायच्या आधीच ते वारले.

चेन्नईच्या एग्मोरमधलं सेंट अँड्र्यूज चर्च यापेक्षाही शिकवून जाणारं आहे. मेजर थॉमस डी हॅविलंड याने ते १८१८ ते १८२१ या काळात बांधलं. जमीन पाणथळ, वरून उंच मनोऱ्याचा भार. त्याने स्थानिक कारागिरांना माहीत असलेली विहिरींच्या पायाची पद्धत वापरली. शंभरहून जास्त विहिरी खोलवर उतरवून त्यांवर पाया घेतला. दर्शनी बाजू लंडनच्या चर्चची आठवण देते, पण आत गेल्यावर दालन गोल आहे, वर घुमट आहे. गोल दालनात प्रत्येकजण वक्त्याच्या जवळ बसतो, म्हणजे स्कॉटलंडच्या खेड्यातल्या चर्चला जे हवं होतं तेच इथे निराळ्या भूमितीने साधलं. या चर्चचं मोल सांगताना फक्त ‘ब्रिटिश वास्तुशैली’ एवढं म्हणणं हा त्या विहिरी उतरवणाऱ्या हातांवर अन्याय आहे. आज ते चर्च ऑफ साउथ इंडियाचं आहे, आणि दोनशे वर्षांनीही वापरात आहे.

आता एक अवघड प्रश्न. चर्च सतत बदलत आलं असेल, तर त्याचा खरा काळ कोणता धरायचा? ग्रेफ्रायर्सचंच पाहा. १८४५ च्या आगीनंतर पाळक रॉबर्ट ली यांनी तिथे रंगीत काचा बसवल्या, १८६० च्या दशकात आधी पेटी आणि मग ऑर्गन आणला. तोवर स्कॉटलंडच्या चर्चमध्ये लोक बसून गात आणि उभं राहून प्रार्थना करत. ली यांनी तेही उलटं करून पाहिलं. केवढा गहजब झाला! पण पुढच्या पन्नास वर्षांत गावोगावी ऑर्गन आले. व्यासपीठ लांब भिंतीवरून टोकाला सरकलं, मागे ऑर्गनच्या नळ्यांची भिंत उभी राहिली, खिडक्यांत रंग आले.

मग जुन्या टी आकाराच्या चर्चमधला १८९० चा ऑर्गन काढून ‘मूळ रूप’ परत आणावं का? मोह होतो खरा. तरी माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच राहील. ऑर्गन म्हणजे घुसखोर नव्हे, मंडळीने भांडून, मतदान करून, वर्गणी काढून घेतलेला तो निर्णय आहे. बरा सनदही हेच सांगते की प्रत्येक काळाच्या भरीचा मान राखा, आणि बदल गरजेपुरताच, शक्य तितका कमी करा. थर काढायचाच असेल तर खालचा थर वरच्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी काढणाऱ्याची.

क्राइस्टचर्चच्या नॉक्स चर्चने याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. १९०२ चं हे चर्च बाहेरून विटांचं, आतून लाकडी. फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात विटांच्या भिंती कोसळल्या, आतला लाकडी सांगाडा आणि छत तग धरून उभं राहिलं. मंडळीने तो लाकडी गाभा जपला आणि त्याभोवती नवं, भूकंपात टिकणारं कवच बांधलं. २०१४ मध्ये चर्च पुन्हा सुरू झालं. बाहेरून पाहणारा म्हणेल, जुनं चर्च गेलं. पण लोक जिथे बसून गात होते ते दालन तसंच आहे. आधी मूल्य कशात आहे हे ठरलेलं होतं म्हणून काय वाचवायचं हेही ठरवता आलं.

मूल्याची चर्चा चालू असताना इमारत खराब होत असते, म्हणून देखभालीबद्दल दोन शब्द. जुन्या दगडी चर्चचा सगळ्यात मोठा शत्रू पाणी, आणि त्याला आत घेणारा दोस्त बहुतेकदा सिमेंट. जुन्या भिंतींचे सांधे चुन्यात भरलेले असतात. चुना मऊ आणि सच्छिद्र असतो, भिंतीत शिरलेली ओल त्या सांध्यांवाटे वाळून जाते. झीज होते ती सांध्याची, आणि सांधा पुन्हा भरता येतो. विसाव्या शतकात ठिकठिकाणी हे सांधे खरवडून सिमेंट भरलं गेलं. सिमेंट घट्ट, त्यातून ओल बाहेर पडत नाही. ती मग दगडातून वाट काढते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साचतात, थंड देशात ते पाणी गोठून फुगतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. काही वर्षांनी सिमेंटची जाळी तशीच उभी आणि मधला दगड आत खचलेला, असं दृश्य दिसतं. चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती अशी नडते. तुंबलेली पन्हळ वेळेवर साफ करणं आणि छतावरची निसटलेली स्लेट (पातळ दगडी फरशी) जागच्या जागी बसवणं, यांनी जितकी चर्चं वाचतात तितकी मोठ्या निधीने वाचत नसतील.

शेवटी रिकाम्या चर्चांकडे यावंच लागतं. चर्च ऑफ स्कॉटलंडची सदस्यसंख्या १९५० च्या दशकात तेरा लाखांच्या आसपास होती, ती आता तीन लाखांच्या खाली आली आहे. शेकडो इमारती विकायला काढाव्या लागत आहेत. इथे प्रेस्बिटेरियन विचारातला एक पेच समोर येतो. १६४५ मध्ये वेस्टमिन्स्टरमध्ये तयार झालेल्या उपासना-मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलं होतं की कोणतीही जागा अर्पण करून पवित्र होत नाही. मंडळी म्हणजे माणसं, इमारत नव्हे. त्यामुळे ‘आम्हाला छतावर नव्हे, माणसांवर खर्च करायचा आहे’ असं एखादी मंडळी म्हणते तेव्हा ती आपल्या श्रद्धेशी प्रामाणिकच असते. न्यूयॉर्कच्या वेस्ट-पार्क प्रेस्बिटेरियन चर्चला २०१० मध्ये शहराने संरक्षित दर्जा दिला तो मंडळीचा विरोध असताना. २०२२ मध्ये दुरुस्ती परवडत नाही म्हणून इमारत पाडण्याची परवानगी मागितली गेली, आणि शेजारचे रहिवासी, कलावंत इमारतीच्या बाजूने उभे राहिले. यात कोणी खलनायक नाही. समाजाला इमारत हवी असेल तर तिचा खर्च मूठभर वृद्ध सदस्यांच्या माथी मारणं बरोबर नाही, एवढं मात्र मी ठामपणे म्हणेन. दर्जा देताना पैशाची वाटही दाखवली पाहिजे.

नवा वापर हा पुष्कळदा उत्तम मार्ग ठरतो. चार्ल्स रेनी मॅकिंटॉशने फ्री चर्चसाठी बांधलेलं ग्लासगोचं क्वीन्स क्रॉस चर्च आज त्याच्या नावाने काम करणाऱ्या संस्थेचं ठिकाण आहे आणि लोकांना पाहता येतं. सभागृह, संगीताची मैफल, वाचनालय हे वापर या इमारतींना मानवतात, कारण त्या मुळातच बोलण्या-ऐकण्यासाठी घडवलेल्या आहेत. मध्ये मजला टाकून सदनिका काढल्या की बाहेरचं रूप टिकतं, पण व्यासपीठ आणि माड्या यांचं नातं कायमचं तुटतं. बाकांबद्दल मी थोडं सैल धरेन. सगळी हलवावीच लागली तर निदान काही जागच्या जागी ठेवावीत, त्यांच्या नंबरांसह आणि त्या पत्र्याच्या थाळ्यांसह. व्यासपीठ, स्तोत्र सांगणाऱ्याचा चौथरा आणि माड्यांचे कठडे यांना मात्र हात लावू नये. आणि काहीही हलवण्याआधी मोजमापं आणि छायाचित्रं घ्यावीत.

जोखणीचं काम हाती घेणाऱ्याने इमारतीत शिरण्याआधी आणखी एक करावं: वडिलांच्या सभेची इतिवृत्तं वाचावीत. ही मंडळी सगळं लिहून ठेवणारी होती. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावची इतिवृत्तं १५५९ पासूनची आहेत, आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने अशा हजारो वह्यांची पानं २०२१ पासून इंटरनेटवर मोफत खुली केली आहेत. कोणत्या कुटुंबांचं बाकावरून भांडण झालं, गरिबांच्या पेटीतून कोणाला किती मदत गेली, गळक्या छताच्या कोणत्या कोपऱ्यावर कधी पैसे खर्च झाले, कोणाला किती रविवार पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवलं, हे त्यांत सापडतं. आधी ते वाचून मग आत गेलं की भिंतीतली बुजवलेली दारं आणि कठड्यावरच्या खाचा यांचा अर्थ लागू लागतो, आणि अहवालात नेमकं काय लिहायचं तेही उमगतं.